सड्यावर रेंज येते

खाली वाडीत रेंज नाही. कोकणातल्या कित्येक वाड्यांची हीच गत. फोन लावायचा तर पाखाडीच्या पायऱ्या चढून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर यायचं.

हा राजापूर तालुक्यातला बारसूचा सडा. पायाखाली जांभा, एप्रिलात चपलेतूनही चटका देणारा. याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी एक माणूस कोरला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात बारसूही आहे.

तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प आधी नाणारला येणार होता, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा. लोक उभे राहिले आणि २०१९ मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली. मग नाव आलं बारसूचं. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रं आली, सोबत पोलीस आले, जमावबंदी लागली. आणि बायका रस्त्यावर आडव्या झाल्या.

ती दृश्यं आजही फोनमध्ये आहेत. पुन्हा पाहा. कॅमेरा हलतोय, कारण तो धरणारीही पळतेय. डोक्यावर पदर, तापलेला रस्ता, आणि मागून घोषणा: ‘एकच जिद्द, रिफायनरी रद्द’. संध्याकाळपर्यंत ही दृश्यं मुंबईच्या चाळींत पोचली होती.

त्याच्या बारा वर्षं आधी, १८ एप्रिल २०११ ला, याच तालुक्यात साखरी नाटे इथे जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधात पोलीस गोळीबार झाला. एक जण गेला. तेव्हा गावाबाहेरच्यांनी ते मुख्यतः बातम्यांतून पाहिलं. बारसूत गावानं स्वतः दाखवलं.

पण ‘आम्ही’ म्हणायला कोकणी माणसाला फोननं शिकवलं नाही. गिरण्यांच्या काळापासून गावोगावची मंडळं मुंबईत आहेत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौलं, आजाऱ्याला मदत, सगळी वर्गणी तिथून. २०१२ मध्ये बेनेट आणि सेगरबर्ग या अभ्यासकांनी मांडलं होतं की नव्या आंदोलनांत माणसं संघटनेच्या झेंड्यापेक्षा स्वतःच्या गोष्टीतून जोडली जातात. इथे दोन्ही घडलं. जुनं मंडळच व्हॉट्सअॅपवर आलं आणि त्यात प्रत्येकाची आपापली गोष्टही आली.

माझ्या मते मोठा बदल वेगळाच आहे. गावकीच्या बैठकीत शब्द चालायचा तो मानकऱ्यांचा आणि पुरुषांचा. बाई दाराआडून ऐकायची. या व्हिडिओंत ती थेट कॅमेऱ्यात बघून बोलते: माझी कलमं, माझी विहीर, माझा सडा. तिला कुणी पुढे ढकललेलं नाही. तिचं बोलणं ऐकून पलीकडच्या गावातली बाई आपला व्हिडिओ करते, आणि ‘आमची वाडी’ म्हणणारी माणसं बघता बघता ‘आमचं कोकण’ म्हणू लागतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

याच ‘आम्ही’त न बसणारीही माणसं आहेत. पोराला गावातच नोकरी मिळावी म्हणून प्रकल्प हवा म्हणणारा याच वाडीतला. त्याचं ऐकून घ्यायला ग्रुपवर सवड नसते. शब्दाला शब्द वाढतो आणि पडद्यावर एक करडी ओळ उमटते: अमुक यांनी ग्रुप सोडला. शहरात ती कुणी वाचतही नाही. इथे मात्र शिमग्याला दोघांना एकाच पालखीला खांदा द्यायचा असतो. त्या दिवशी ढोल वाजत असतो, गुलाल उडतो आणि दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

दिवस कलतोय. पाखाडीवरून एक काकू वर येतात. कमरेच्या बटव्यातून रुमालात गुंडाळलेला फोन काढतात. काचेला तडा गेलेला. कातळावर उभं राहून हात उंच करतात. एक काडी, मग दोन. एकामागून एक मेसेज येऊ लागतात. काकू तिथेच चवड्यावर बसतात, चष्मा लावतात आणि मुंबईच्या लेकाचा व्हॉइस मेसेज कानाला लावतात.