ल्युपस, मेंदू आणि एमआरआयवरचे पांढरे ठिपके

पडद्यावर दिसतोय तो मेंदूचा आडवा छेद, फ्लेअर पद्धतीने घेतलेला. फ्लेअरमध्ये मेंदूभोवतीच्या पाण्याची चमक दाबलेली असते. त्यामुळे मधल्या पोकळ्या काळ्या दिसतात आणि त्यांच्या कडेचा बारीकसा डागही लपत नाही. इथे कपाळामागच्या भागात पाच-सहा पांढरे ठिपके आहेत.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार; त्याच्या रुग्णात असे ठिपके बऱ्याचदा सापडतात. पण उच्च रक्तदाबात, अर्धशिशीत, वाढत्या वयातही ते असतात. नुसत्या ठिपक्यांवरून ल्युपस मेंदूत पोचला असं म्हणणं ही घाई झाली, आणि त्या घाईपायी रुग्णाला जड औषधं सोसावी लागतात.

म्हणून एमआरआयच्या चिठ्ठीवर फक्त ‘ल्युपस’ लिहून भागत नाही. फिट आली का, कधी आली, रक्तदाब किती, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तचाचणी) किती, रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आहेत का, हे रेडिओलॉजिस्टला कळायला हवं.

आता हा डिफ्युजनचा छेद, पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा. ताज्या पक्षाघातात पेशी फुगतात, पाण्याचे रेणू जागच्या जागी अडकतात आणि तो भाग पांढरा उजळतो. शेजारी त्याच जागेचा एडीसी नकाशा, म्हणजे त्या हालचालीचं मोजमाप: इथे तोच भाग काळा. ही जोडी जुळली, तरच पक्षाघात ताजा. एकट्या डिफ्युजनवर भरवसा ठेवला की फसगत होते, कारण जुना डागही तिथे उजळ दिसू शकतो.

दुसऱ्या रुग्णात मेंदूच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना सूज आहे, पण एडीसीवर ती उजळच दिसते. किडनीला ल्युपस, रक्तदाब एकदम चढलेला, फिट, नजर धूसर: हे प्रेस (PRES), म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला येणारी, बहुधा भरून निघणारी सूज. इथे आधी रक्तदाब सावकाश खाली आणायचा. अँटिफॉस्फोलिपिडमुळे गुठळी झाली असेल, तर प्रश्न रक्त पातळ ठेवण्याचा. शिरांमधल्या गुठळीची शंका असेल, तर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्रण, वेगळी मागावी लागते.

गोंधळलेला रुग्ण मशीनमध्ये स्थिर राहत नाही आणि चित्रं पुसट येतात. म्हणून डिफ्युजन सगळ्यात आधी घ्यावं; एक-दोन मिनिटांत होतं. चित्र उठावदार करायला शिरेतून देतात त्या गॅडोलिनियमचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिमोल. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३०च्या खाली असेल, तर गॅडोलिनियमच्या जुन्या, लिनिअर प्रकारच्या औषधाने कातडी आणि आतले अवयव कडक होण्याचा धोका असतो. खरंच गरज असेल तरच, आणि गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारं, मॅक्रोसायक्लिक प्रकारचं द्यावं.

आणि सगळे छेद स्वच्छ आले तर? भ्रम, उदासी, विस्मरण असलेल्या कितीतरी रुग्णांचा एमआरआय नॉर्मल येतो. त्यांचा आजार त्यामुळे खोटा ठरत नाही. तापासोबत गोंधळ असेल, तर पाठीतलं पाणी तपासून जंतुसंसर्ग, आपल्याकडे विशेषतः टीबी, आहे का ते बघावं लागतं; कारण स्टिरॉइडचा मोठा डोस संसर्गाला मोकळं रान देतो.