पट्टी कसानी?

एका घरचा नळ अंगणात हातभर खोल खड्ड्यात आहे. दाब इतका कमी, की पाणी वर चढतच नाही. म्हणून घरच्यांनी खड्डा खणून नळच खाली नेला. बाई खड्ड्यात उतरून तांब्याने हंडा भरते. शेजारच्या घराने त्याच लाइनला थेट मोटार जोडली आहे. पाणीपट्टी मात्र दोन्ही घरांना सारखीच. खानदेशात हे चित्र अनेक गावांत दिसतं.

ग्रामसभेत पट्टीवाढीचा किंवा मीटरचा विषय निघाला, की मागून आवाज येतो, “नळले पानी नई, मंग पट्टी कसानी?” हा राग रास्त आहे. पण त्यावर राजकारण शिजतं. एक गट ठराव मांडतो, दुसरा माफीची भाषा करतो; निवडणूक तोंडावर आली की ठराव बासनात. इकडे पंपाचं वीजबिल थकत जातं. जोडणी तुटली की मोटारवाल्याचंही पाणी बंद आणि खड्ड्यातल्या नळाचंही.

आणखी एक गोष्ट. ग्रामपंचायतीची बाकी मुदतीत न भरणाऱ्याला कायद्याने सदस्य होता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी इच्छुक स्वतःची पट्टी चुकती करतात, आणि मग गावाला माफीचं आश्वासन देतात. याची आम्हाला चीड येते.

2019 साली जलजीवन मिशन आलं. घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर पाणी. राज्याचं पाणीपुरवठा खातंही जळगाव जिल्ह्यातल्या गुलाबराव पाटलांकडे आलं. टाकी-पाइपांना सरकारचा पैसा मिळतो; पुढे रोजचा खर्च गावाच्या माथी.

खानदेशी माणसाला पाण्याचे पैसे मोजायला नकोत, असं म्हणणाऱ्यांनी पांझरा नदीच्या काठी जाऊन यावं. तिथे फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बंधाऱ्याचं पाणी आपसांत वाटून घेतलं. पाट मिळून साफ केले, पाळीने पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा मोबदला स्वतः दिला. पाळी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि पाणी चुकलं तर पाटकऱ्याला तिथल्या तिथे जाब विचारता यायचा. आज नळाला पाणी आलं नाही, तर जाब विचारायचा कोणाला?

मीटर बसवा, आमचा विरोध नाही. पण आधी लाइनवरच्या मोटारी काढा. वीजबिल किती, वसुली किती, बाकी कोणाची, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. सरपंचांची बाकी असेल, तर तीही त्याच यादीत.