गावकुसाबाहेरचा प्रभू

(दृश्य: चर्चचं अंगण. पाण्याच्या घमेल्यात बुडालेले पाय.)

निवेदन: जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चचं हे अंगण. रविवारची उपासना सुटली की कुष्ठरोग झालेल्यांसाठी इथं घमेली मांडली जातात. साधं पाणी, त्यात पंधरा-वीस मिनिटं पाय. कातडी मऊ झाली की सिस्टर वजरी घेऊन घट्टे घासायला बसतात. हात हलका ठेवावा लागतो, कारण जोर जास्त झाला तरी या पायांना ते कळत नाही. मग पाय ओला असतानाच खोबरेल तेल, म्हणजे ओल आत राहते आणि भेगा पडत नाहीत.

(जवळून: झिजलेली बोटं, त्यावर सिस्टरचा उघडा हात. निवेदन थांबवा, पाण्याचा आवाज राहू द्या.)

कुष्ठरोगानं बोटं आपोआप गळून पडत नाहीत. रोगाचे जंतू नसांवर घाला घालतात, हातापायांना बधिरपणा येतो. मग भाकरी उलटताना चटका बसलेला समजत नाही. रानात पऱ्हाटीचं खुंट तळव्यात घुसलं तरी इथल्या मावशी दिवसभर कापूस वेचत राहतात. जखम चिघळते आणि हाडापर्यंत जाते. या चपला त्यासाठीच आहेत: एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ, खिळा एकही नाही.

रोगावर गोळ्या आहेत. कुणाला सहा महिने, कुणाला बारा. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण थांबते. तरी घरात ताट वेगळं राहतं.

(दृश्य: जालन्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी.)

या भागात वेगळं ताट जुनंच आहे. नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. 1843 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि जातीचे दरवाजे बंद झाले. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या धाकट्या भावाला, श्रीपतला, जातीत परत घ्यावं की नाही यावर तर शहरभर रान पेटलं. हेच नारायणराव पुढं निजामाच्या मुलखात, जालन्याला आले आणि मांग-महारांमध्ये काम करू लागले. दिवाण सालार जंग यांच्याकडून जमीन मिळाली, तिच्यावर बेथेल नावाची वस्ती उभी राहिली. बाहेर काढलेला माणूस बाहेरच्यांतच जाऊन राहिला.

(दृश्य: उपासनेत उघडलेलं शुभवर्तमान.)

मार्काच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढं गुडघे टेकतो. नियमशास्त्रानं त्याला वस्तीबाहेर ठेवलेलं. येशू हात पुढं करून त्याला शिवतो, आणि मग तो शुद्ध होतो. शिवणं आधी, बरं होणं नंतर. पण त्याच अध्यायाच्या शेवटी जे घडतं ते आमच्या उपदेशांत फार कमी येतं. तो माणूस गावोगाव सांगत सुटतो, आणि आता येशूलाच उघडपणे गावात शिरता येत नाही. तो बाहेर, ओसाड जागी राहतो. जागांची अदलाबदल झाली. सिस्टर या अंगणात जमिनीवर बसतात, त्या मला तिथंच बसलेल्या दिसतात.

(दृश्य: गोळ्यांचं पाकीट.)

कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत कायद्यात होतं, ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यातसुद्धा. आता ते काढलं आहे.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात जा. हे पाकीट तिथं मोफत मिळतं.