तारीख नको, मातीचं तापमान सांगा! ऋतू बदलताना पेरणी कशी ठरवायची

नमस्कार मंडळी! उकाडा उतरायला लागला, हवा बदलली, की गार्डन क्लबमध्ये सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात, पालक टाकू का, लेट्यूस कधी लावू, टोमॅटोची रोपं आत्ता केली तर चालतील का, आणि यावर उत्तर काय येतं तर "मी १० तारखेला टाकलं, मस्त आलं". बस, एवढंच. आता ज्याने हे सांगितलं त्याची कुंडी सावलीत आहे की उन्हात, जमिनीवर आहे की तापलेल्या गच्चीवर, काहीच कळत नाही, आणि बाकीचे दहा जण त्याच तारखेला बी टाकून मोकळे होतात. मग निम्म्यांचं उगवत नाही आणि दोष जातो बियाण्याला.

म्हणून आजचा व्हिडिओ. माझं म्हणणं सरळ आहे, बी तारीख ओळखत नाही, ते दोन गोष्टी ओळखतं, माती किती गरम आहे आणि पुढे रोप मोठं झालं की रात्र किती मोठी आहे. टिप द्यायची तर या दोन गोष्टींसकट द्या, नाहीतर ती टिप फक्त तुमच्या कुंडीपुरती राहते.

(थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा, मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर. टोक साधारण ५ सेंटीमीटर आत घालायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. सकाळी ऊन यायच्या आधी एकदा आणि दुपारी कडक उन्हात एकदा, दोन्ही वेळा बघा हं, कारण कुंडीतली माती जमिनीपेक्षा खूप पटकन तापते आणि तशीच पटकन गार पण होते, त्यात काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर दुपारचा आकडा बघून तुम्ही चमकाल. मोबाईलवर हवेचं तापमान दिसतं ना, त्यावर पेरणी ठरवू नका, बी हवेत नाही उगवत.

आता लेट्यूस घ्या. लेट्यूसचं बी माती ३० डिग्रीच्या आसपास गेली की बहुतेक वाणांमध्ये उगवायचंच नाकारतं. पाणी आहे, माती छान भुसभुशीत आहे, बी ताजं आहे, तरी नाही. आणि ते मेलेलं नसतं, अडून बसलेलं असतं, ही त्याची स्वतःची सोय आहे, कारण एवढ्या उन्हात कोवळं रोप वाचलंच नसतं. पालकाचंही असंच, गरम मातीत उगवण एकदम पडते. मग करायचं काय? लेट्यूस संध्याकाळी पेरा. बी पाणी प्यायला लागतं ते पहिले काही तास सगळ्यात नाजूक, ते तास रात्रीच्या गारव्यात गेले तर बराच फरक पडतो. वर मातीचा जाड थर देऊ नका, बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो, नुसती भुरभुरवलेली माती पुरे. आणि दोन-चार दिवस वर सावली धरा. तरीही माती तापतच असेल तर बी ओल्या कागदात गुंडाळून घरात गार जागी ठेवा, पांढरं टोक दिसलं की अलगद उचलून कुंडीत.

टोमॅटोचं बरोबर उलट. माती १० डिग्रीच्या खाली असेल तर बी जवळपास हलतच नाही, १५ ला दोन आठवडे लावतं आणि २५ ला आठवड्याच्या आत वर येतं. म्हणजे बी तेच, हात तोच, फक्त १० डिग्रीने आठवडाभराचा फरक! आणि उशीर एवढाच तोटा नाही, गार ओल्या मातीत बी जितकं जास्त दिवस पडून राहतं तितकी बुरशीला संधी. रोप बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं ना, ती मर, तिला हेच वातावरण लागतं. त्यामुळे थंडीच्या तोंडावर टोमॅटो-मिरचीची रोपं करायची असतील तर ट्रे घरात उबदार जागी ठेवा, आणि उगवल्या उगवल्या भरपूर उजेडात न्या, नाहीतर रोपं लांबुळकी होतात.

हे झालं तापमान. आता रात्रीचं बघू, कारण इथे मला खरी मजा येते.

१९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी एक काम प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, मेरिलँड मॅमथ नावाचा, तो उन्हाळ्यात नुसता वाढतच सुटायचा, माणसापेक्षा उंच, पण फुलायचा नाही, आणि तोच हिवाळ्यात ग्रीनहाऊसमध्ये लहानपणीच फुलायचा. त्यांनी खत बघितलं, तापमान बघितलं, पाणी बघितलं, जमेना. शेवटी त्यांनी झाडं दिवसातले काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली, दिवस कृत्रिमपणे लहान केला, आणि भर उन्हाळ्यात झाड फुललं. दिवसाची लांबी बघून झाड फुलायचं ठरवतं हे तिथून पक्कं झालं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की असली झाडं खरं तर दिवस नाही, सलग अंधार मोजतात. मोठ्या रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला तर झाडाचा हिशोब मोडतो आणि फूल येत नाही.

आता हे आपल्याला कशाला हवं? शेवंतीसाठी! क्लबमध्ये दरवर्षी कोणीतरी विचारतंच, शेवंती हिरवीगार आहे, भरलेली आहे, पण कळी नाही, काय खत देऊ? खत नका देऊ, आधी रात्री बाहेर जाऊन बघा कुंडीवर रस्त्याचा दिवा पडतोय का, बाल्कनीतला बल्ब रात्रभर चालू असतो का. शेवंती मोठ्या रात्रींना फुलणारी, तिला अंधार अंधार म्हणून मिळाला पाहिजे. पॉइन्सेटियाचं तर याहून कडक, तिला रोज साधारण १४ तास सलग अंधार आणि तोही दीड-दोन महिने लागतो, तेव्हा कुठे ती लाल होते (आणि ते लाल म्हणजे पाकळ्या नाहीत बरं का, पानंच आहेत, खरी फुलं मधे बारीक पिवळी असतात). कुंडी रात्रीपुरती एका अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली तरी काम होतं, एक पैसा खर्च न करता.

कांद्याचं पण हेच, फक्त उलट बाजूने. कांदा गड्डा धरतो तो दिवस ठरावीक लांबीचा झाला की. काही वाण १०-१२ तासांच्या दिवसाला गड्डा धरतात, काहींना १४ तास किंवा जास्त लागतात. लांबच्या कोणी मित्राने प्रेमाने बी पाठवलं आणि ते दुसऱ्या गटातलं निघालं तर नुसती पात येईल, गड्डा नाही, तुम्ही कितीही राबा. आणि २२-२३ सप्टेंबरला सगळीकडे दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, पण तिथून पुढे उत्तर गोलार्धात दिवस लहान होत जातो आणि दक्षिणेत मोठा, म्हणजे एकच तारीख दोन ठिकाणी दोन वेगळे ऋतू सांगते. म्हणून म्हणते, बी मागवताना वाण कुठल्या गटातला आहे ते आधी विचारा.

पाण्याचं थोडक्यात. हवा गार झाली की झाडं कमी पाणी पितात, पण आपला हात उन्हाळ्याच्या सवयीने चालू राहतो. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. आच्छादन मात्र करा, सुक्या पानांचा ५-७ सेंटीमीटर थर, फक्त खोडाला चिकटवू नका, तिथे ओल साचून खोड कुजतं.

भुरी पण याच दिवसांत येते, काकडीवर, भोपळ्यावर, पानांवर पीठ शिंपडल्यासारखी. लोकांना वाटतं पान भिजलं म्हणून आली, पण भुरीला पान ओलं असायची गरजच नसते, दिवसा कोरडं आणि रात्री दमट अशी हवा तिला आवडते, म्हणून ती नेमकी आत्ता. १९९९ मध्ये ब्राझीलच्या बेट्टिओल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ग्रीनहाऊसमधल्या झुकिनीवर दुधाचं पाणी फवारून भुरी चांगली आटोक्यात आली होती. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळी उजेडात, पानाच्या खालून-वरून. सुरुवातीला करा पण, सगळं पान पांढरं झाल्यावर नाही, तेव्हा ते पान काढूनच टाकायचं. आणि दाटी कमी करा, वारा खेळला की अर्धं काम होतं.

आता बियांची अदलाबदल, कारण पुढच्या भेटीत सगळे पाकिटं घेऊन येणार. जुनं बी वाटण्याआधी तपासा ना प्लीज. १० बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या, डब्यात ठेवायच्या, त्या पिकाला लागतात तेवढे दिवस थांबायचं, ७ आल्या तर छान, ३ आल्या तर दाट पेरा असं सांगून द्या, एकही नाही आली तर कंपोस्टमध्ये. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच दम तोडतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं सहज चालतं. ठेवायचा नियम बियाणंशास्त्रात हॅरिंग्टनच्या नावाने ओळखला जातो, बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट, साठवणीचं तापमान ५ डिग्रीने कमी केलं की परत दुप्पट. म्हणजे आधी खडखडीत वाळवा, मग हवाबंद बरणीत गार जागी. ओलसर बी बरणीत बंद केलं तर बुरशीच लागणार.

आणि पाकिटावर नुसतं "टोमॅटो" लिहून आणू नका. वाणाचं नाव, बी धरल्याचा महिना आणि वर्ष, पेरलं तेव्हा माती किती डिग्री होती आणि किती दिवसांत उगवलं, एवढं लिहा. शिवाय झाड हायब्रीड होतं का तेही, कारण हायब्रीडच्या फळातलं बी पेरलं तर पुढची झाडं आईसारखी येतीलच असं नाही, घेणाऱ्याला ते आधी माहीत असायला हवं.