आधी हुंकार, मग गोष्ट

(शिक्षकांसमोरील व्याख्यानाचे शब्दांकन)

मी 'क्वेसुकेसुकेला' म्हटलं की तुम्ही 'कोसी' म्हणायचं. पण 'क' नेहमीचा नाही. हळहळताना आजी दातांमागे जीभ लावून 'च्च' करते ना, त्या आवाजाला 'ओसी' जोडा. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांची गोष्ट अशी सुरू होते... वा! मागच्या रांगेला जमलं, पुढच्यांनी लाजू नका.

सातवीच्या वर्गाला अनान्सी या जाळं विणणाऱ्या कोळ्याची गोष्ट मी पहिल्यांदा दिली ती छापील कागदावर. खाली प्रश्न होता, 'कथेतून कोणता बोध मिळतो?' सगळ्या वर्गाचं उत्तर एकच: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. गोष्ट तिथेच मेली. या प्रश्नावर माझा राग आहे आणि तो आज बोलून दाखवणारच.

पुढच्या तासाला कागद बाजूला ठेवले. घानातल्या अकान लोकांचा हा कोळी, अनान्सी. सगळ्या गोष्टींचा मालक आकाशदेव न्यामे. अनान्सीनं त्या मागितल्या, तेव्हा न्यामेनं किंमत सांगितली: अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक परी. अनान्सीनं भोपळाभर पाणी नेलं, थोडं माश्यांवर शिंपडलं, उरलेलं स्वतःवर ओतलं, डोक्यावर केळीचं पान धरलं. 'पाऊस आला गं, शिरा माझ्या भोपळ्यात!' मी हे म्हणेपर्यंत मुलांनी वह्या डोक्यावर धरल्या होत्या. माश्या आत गेल्या आणि वर्गानंच भोपळ्याचं तोंड बंद केलं.

भोपळ्याची ही अक्कल त्याच्या बायकोची, आसोची. एका मुलीनं विचारलं, "मग गोष्टींना आसोचं नाव का नाही?" तिनं हे विचारलं, कारण अकान भाषेत त्यांना 'अनान्सेसेम' म्हणतात, कोळ्याच्या गोष्टी. आता हा प्रश्न बोधाच्या कुठल्या रकान्यात बसवायचा? आम्ही तासभर भांडलो. 'आम्ही सांगतो ते खरं म्हणून सांगत नाही', असं अकान कथेकरी आधीच म्हणून ठेवतो, म्हणून मुलांना भांडायला जागा राहते. स्वाहिलीत तर श्रोतेच गोष्टीला हाक मारतात: गोष्टी ये, खोट्या ये, गोडी मुरू दे!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. आणि विषय तर ग्रियोंचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या परंपरागत कथेकऱ्यांचा जाहीर झालाय! थोडक्यात सांगतो.

माली, गिनी, सेनेगल, गाम्बिया या भागांतल्या मांडे समाजात ग्रियोला 'जेली' म्हणतात. तिथे कथन हा घराण्याचा वारसा आहे. कुयाते हे त्यातलं नामांकित घराणं. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुन्दियाताची गाथा जेलींनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राखली. ती अनान्सीसारखी कुणीही रंगवावी अशी नाही. तिच्यात वंशावळी आहेत, राजांची स्तुती आहे, कानपिचक्याही आहेत. म्हणून दोन्ही 'आफ्रिकन कथा' या एका पाठात कोंबू नका.

जेली ओळ म्हणतो आणि शेजारचा 'नामू' म्हणतो, म्हणजे 'हो'. पोवाड्यात झीलकरी 'जी जी' करतो ते आठवा. वर्गात हे काम आधी एका मुलाला द्या, गोष्ट नंतर.

जेलींच्या 'कोरा' या एकवीस तारांच्या वाद्याचं ध्वनिमुद्रण आणलंय. ज्यांची गाडी नाही त्यांनी थांबा. दिवे गेले तरी ऐकवतो.