इग्निशन स्विच बदलताय? आधी कपलर बघा

नमस्कार मंडळी. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि चावीवरची बोटं सैल केली की लगेच बंद. किंवा चालत्या गाडीत चावी जराशी हलली तरी अख्खा डॅशबोर्ड विझतो. असं होत असेल, तर पहिला संशय इग्निशन स्विचवर. आतला 'ऑन'चा काँटॅक्ट झिजला की असंच होतं.

चावी घालतो ते लॉक वेगळं आणि त्याच्या मागचा प्लॅस्टिकचा स्विच वेगळा. आपण बदलतोय तो मागचा. लॉक तेच राहतं, म्हणून चावीही तीच. बटण-स्टार्ट गाड्यांचं काम निराळं, त्या आज नाहीत.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी काढलेली. दहाचा पाना घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग पूर्ण दहा मिनिटं थांबा. बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज उरतो, म्हणून इथे घाई अजिबात नको. कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग. त्यातला पिवळा एअरबॅगचा असतो, त्याला हात लावायचा नाही. तुमच्या गाडीत स्टेअरिंग व्हील काढावं लागत असेल, तर हे काम घरी करू नका, वर्कशॉपला न्या.

स्टेअरिंगखालचं कव्हर खालच्या स्क्रूंवर असतं. ते काढलं की स्विच दिसतो. खटका दाबून स्विचचा कपलर ओढा, वायर धरून ओढू नका.

(कपलर कॅमेऱ्याजवळ) आता इथे नीट बघा. ही एक पिन तपकिरी पडलीय आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक फुगलंय. पिन सैल झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो आणि ती तापते. बहुतेक वेळा कोणीतरी रिले, म्हणजे जास्तीचा करंट स्वतःवर घेणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच, न लावता जादा लाइट किंवा हॉर्न याच वायरवरून घेतलेला असतो. असा कपलर ठेवून नुसता स्विच बदललात, तर नवाही तसाच जळेल. कपलरही बदला, नव्या पिना क्रिंप करा, म्हणजे वायरींवर दाबून घट्ट बसवा, आणि जादा लोड रिलेवर टाका. नुसतं पिळून टेप गुंडाळणं इथे चालत नाही.

जुन्या स्विचवरचा पार्ट नंबर जुळवूनच नवा घ्या. स्क्रू काढून जुना बाहेर घ्या. जुन्या आणि नव्या, दोन्ही स्विचच्या मध्यभागी असलेली खाच एकाच दिशेला हवी. नसेल तर छोट्या स्क्रूड्रायव्हरने नव्याची फिरवून घ्या. बोटांनी अलगद बसला पाहिजे. स्क्रू आवळून जबरदस्तीने बसवलात, तर खाच तुटते.

कपलर लावा, 'टक' आवाज आलाच पाहिजे. कव्हर लावायच्या आधी निगेटिव्ह जोडा, गाडी न्यूट्रलला घ्या आणि लॉक, एसीसी (इंजिन बंद, फक्त रेडिओ वगैरे चालू), ऑन, स्टार्ट हे सगळे टप्पे तपासा. सोडल्यावर चावी स्टार्टवरून आपोआप ऑनला परत यायला हवी. नाही आली, तर सेल्फ फिरतच राहील आणि जळेल. ऑनला एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. इंजिन, ब्लोअर आणि हेडलाइट दहा मिनिटं चालू ठेवा, मग कपलरला हात लावून बघा. चटका बसला, तर लगेच गाडी बंद करा आणि पिना पुन्हा तपासा. गार असेल, तर कव्हर चढवा.