डिंक वाळायच्या आधी

(दृश्य: रात्र. टेबलावर कात्री, कागदाचे कपटे, डिंकाची उघडी बाटली. मागे घड्याळाची टिकटिक.)

२४ डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा. पुठ्ठ्याची फोटो फ्रेम तयार आहे, फक्त तिचा डिंक ओला आहे. आधी फुंकर मारून झाली, मग हेअर ड्रायर, मग पुन्हा फुंकर. सकाळी ही फ्रेम कुणाच्या तरी हातात द्यायची आहे, पण डिंकाला सणवार कळत नाहीत.

नाताळच्या घरगुती भेटी फसतात, तेव्हा आपण म्हणतो, "माझ्या हातात कलाच नाही." मला ते पटत नाही. कला बहुतेकांच्या हातात पुरेशी असते, चुकतो तो दिवसांचा हिशोब. वाळायला, मुरायला, थिजायला किती वेळ लागेल, हे आपण धरतच नाही. म्हणून या फिल्ममध्ये आपण कॅलेंडर घेऊन बसणार आहोत. सुरुवात नोव्हेंबरपासून.

(दृश्य: लोकरीचा गुंडा, दोन सुया, हलणारी बोटं.)

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. लोकरीचं काही विणायचं असेल, तर ते आजच सुयांवर चढवा. नवशिक्यानं मफलर घ्यावा. सगळ्या ओळी एकाच टाक्यानं विणायच्या आणि लांबी पुरे वाटली की थांबायचं. मोज्यांच्या वाटेला जाऊ नये. मोजे अवघड असतात म्हणून नाही, ते दोन असतात म्हणून. पहिला मोजा उत्साहात संपतो आणि दुसऱ्यापाशी घोडं अडतं. एका पायाचा मोजा भेट द्यायची रीत अजून तरी कुठे नाही.

(दृश्य: संत्रं. टूथपिकनं सालीला भोक, भोकात लवंग.)

नोव्हेंबर संपत आला की संत्र्याला लवंगा टोचायच्या. सुगंधी गोळे जवळ बाळगण्याची युरोपातली चाल शेकडो वर्षं जुनी. आपल्या हातातलं संत्रं हे त्यातलंच घरगुती, स्वस्त रूप. टूथपिकनं सालीला भोक पाडायचं आणि त्यात लवंग खोचायची. लवंग नुसत्या बोटानं दाबत राहिलात, तर दहाव्या लवंगेला अंगठा दुखायला लागतो. दोन लवंगांमध्ये थोडी जागा सोडा, कारण संत्रं वाळताना आकसतं. मग ते दालचिनीच्या पुडीत घोळवून हवेशीर जागी ठेवायचं आणि रोज उलटायचं. चांगलं वाळायला काही आठवडे लागतात. हवा दमट असेल, तर बुरशी येते आणि सगळं टाकून द्यावं लागतं. तशा हवेत हा नाद न केलेला बरा.

(दृश्य: परातीत कणीक मळणारे लहान हात, शेजारी मोठे हात.)

डिसेंबरचा पहिला आठवडा मिठाच्या कणकेचा. घरात मुलं असतील, तर इथे जास्त वेळ द्या.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि साधारण एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. कणीक हाताला चिकटायची थांबली की पाणी बस. खडे मीठ घेतलं, तर तयार चांदणी खरखरीत दिसते. फुगणारा, म्हणजे बेकिंग पावडर आधीच घातलेला मैदा घेतला, तर चांदणीची उशी होते. पाच-सात मिनिटं नीट मळायचं, पाच-सहा मिलिमीटर जाड लाटायचं, साच्यानं चांदण्या, झाडं, चंद्र कापायचे. आणि आत्ताच, ओल्यातच, स्ट्रॉनं दोरीसाठी भोक पाडायचं. हे भोक हमखास विसरलं जातं. वाळल्यावर पाडायला गेलात, तर चांदणीचे दोन तुकडे होतात.

(दृश्य: ओव्हनच्या काचेमागे चांदण्या. एकीला तडा गेलेला.)

आता घाई करायची नाही. ओव्हन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा. दोन ते तीन तास लागतात, मध्ये एकदा चांदण्या उलटायच्या. लवकर व्हाव्यात म्हणून आच वाढवली, की वरचा थर आधी कडक होतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि वाट काढते. तो तडा म्हणजे वाफेची वाट. ओव्हन नसेल, तर चांदण्या जाळीवर ठेवून नुसत्या हवेत वाळवा. तीन-चार दिवस लागतील, जाड असतील तर आणखी. मग रंग, आणि रंग वाळल्यावर दोन्ही बाजूंनी व्हार्निश. मीठ हवेतला ओलावा ओढतं. व्हार्निश नसलेली चांदणी पुढच्या वर्षी डब्यातून मऊ होऊन निघते.

एक ताकीद. या चांदण्या बिस्किटांसारख्या दिसतात, पण खायच्या नसतात. घरात कुत्रा असेल, तर झाडाच्या खालच्या फांद्यांवर त्या लावू नका. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

(दृश्य: उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं, त्यात वितळणारं मेण.)

मेणबत्त्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मेण थेट आचेवर कधीच नाही, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. पेटलंच, तर झाकण टाका आणि गॅस बंद करा. पाणी मुळीच ओतू नका, ज्वाळा उसळतात. जाड काचेच्या बरणीत वात मधोमध धरून मेण ओतलं, की ते थंड होताना आकसतं आणि वातीभोवती खळगा पडतो. यात तुमची चूक काही नाही. थोडं मेण राखून ठेवा आणि खळगा भरा. सोया मेण असेल, तर आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, सुगंध मुरतो.

(दृश्य: जुन्या छापील शुभेच्छापत्राची प्रतिमा.)

वेळ नसण्याची तक्रार नवी नाही. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांपुढे नाताळच्या पत्रांचा ढीग पडला. उत्तरं लिहायला सवड नव्हती. त्यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याची शुभेच्छापत्रं छापली, सुमारे हजार. व्यापारी तत्त्वावर छापलेलं हे पहिलं ख्रिसमस कार्ड मानतात. गंमत बघा, हात वाचवायला काढलेल्या या कार्डांवरचे रंग मात्र हातानंच भरलेले होते.

(दृश्य: पुन्हा तेच टेबल. लाल आणि पांढरा कागद.)

आणि ज्यांनी यातलं काहीच केलं नाही? ज्यांना २४ तारखेच्या संध्याकाळी जाग आली, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली? त्यांच्यासाठी डेन्मार्कचं कागदी हृदय आहे. परीकथांचे लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या हातात गोष्ट सांगतानाही कात्री असायची. अशा विणलेल्या हृदयाचा आज माहीत असलेला सर्वांत जुना नमुना त्यांनीच १८६० साली केलेला आहे.

दोन रंगांच्या दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी ८ सेंटीमीटर रुंद, २४ लांब. मधोमध घडी घाला. मोकळ्या टोकाला अर्धगोल कापा. घडीच्या बाजूनं तीन सरळ काप द्या, ८ सेंटीमीटरहून किंचित लांब. दोन्ही कागदांच्या चार-चार दुपदरी पट्ट्या झाल्या.

(दृश्य: बोटं अगदी जवळून, संथ गतीत.)

इथेच सगळे अडखळतात. ही चटईची वीण नाही, एक वर, एक खाली असं करायचं नाही. लाल पट्टी पांढऱ्या पट्टीच्या दोन पदरांच्या आतून जाते. पुढची पांढरी पट्टी लालच्या आतून. एक आत शिरते, दुसरी तिला पोटात घेते, आळीपाळीनं. दुसऱ्या ओळीत क्रम उलटा. चौथ्या ओळीला कागद जरा कुरकुरतो. ओढू नका, हलकेच सरकवा. नीट जमलं, की हृदय पिशवीसारखं उघडतं. आत चार गोळ्या-चॉकलेटं मावतात, किंवा घडी घातलेली चिठ्ठी.

वीस मिनिटांचं काम. विणीला डिंकाचा थेंब लागत नाही.

हृदय टांगायला वर कागदाची कडी लावाल, तिला मात्र लागतो. तिथे स्टेपलर वापरा.